मी तुला कधी मागितलंय काय?

पगाराच्या दिवशी संध्याकाळी इचलकरंजीजवळच्या कबनूरच्या कुठल्याही मागाच्या शेडच्या दारात उभं राहा. माग थांबलेले असतात, कानातली खडखड अजून गेलेली नसते, आणि टेबलापुढं रांग लागलेली असते. रांगेतला एखादा पैसे खिशात घालता घालता विचारतो, "मालक, माझ्यावर किती ऱ्हायलंय?" या प्रश्नाचं उत्तर आकड्यात यायला पाहिजे. येतं ते असं: "मी तुला कधी मागितलंय काय?"

हे वाक्य ऐकतच मी मोठा झालो. माझे चुलते, गल्लीचे तात्या, सोळा साध्या मागांचे मालक. त्यांच्या तोंडी ते दर आठवड्याला असायचं. त्यात खोट नव्हती, कारण तात्या खरंच कुणाकडं मागत नसत. विचारणाऱ्याच्या खांद्यावर हात ठेवायचे, "पोरगी कितवीला गेली रं?" म्हणून विषय पुढं न्यायचे. तो हसायचा आणि सायकल काढून घरी जायचा. प्रश्न मात्र टेबलावर तसाच राहायचा. एका विणकराचा एकोणीस वर्षं राहिला.

लहान धंद्यातल्या मालकानं बापासारखं वागावं का, यावर व्यवस्थापनाच्या वर्गात बरीच चर्चा चालते. माझं म्हणणं थोडक्यात आहे. वागा. जरूर वागा. पण माया आणि मजुरी एका वहीत लिहू नका.

आधी मायेचं बोलतो, कारण ती मी डोळ्यांनी पाहिली आहे आणि तिला कमी लेखणाऱ्यांशी माझं जमत नाही. रात्री दोन वाजता कामगाराच्या बायकोला कळा सुरू झाल्या की पहिली हाक तात्यांना. ते बनियनवर शर्ट चढवत गाडी काढायचे आणि इचलकरंजीच्या दवाखान्यात नेऊन सोडायचे. अनामत रक्कमही तेच भरायचे. मयताचं सामान, शाळेची फी, उरुसाला पोरांना कपडे. २०१९ च्या महापुरात पंचगंगा नदीकाठच्या वस्त्यांत शिरली, तेव्हा दोन कुटुंबं आठ दिवस आमच्या शेडच्या माळ्यावर राहिली, आणि त्यांचा स्वयंपाक काकूंनी केला. २०२० च्या टाळेबंदीत माग बंद, सूत अडकलेलं, कापडाला गिऱ्हाईक नाही, तरी घरटी धान्य पोचलं. ज्या माणसाला कुठली बँक दारात उभं करत नाही, त्याला तात्या विनातारण, विनाव्याज, विनासही चाळीस हजार उचल द्यायचे. असा मालक मिळणं हे नशीब आहे, असं कामगार म्हणायचे आणि मनापासून म्हणायचे.

नशीब! माझं दुखणं याच शब्दाशी आहे. माणसाचा पगार, रजा, बोनस, औषधपाणी हे सगळं मालक चांगला निघाला तर मिळणार आणि वाईट निघाला तर नाही, असं असेल तर ती नोकरी नव्हे, ती सोडत झाली.

तात्या २०२२ च्या पावसाळ्यात गेले. चुलतभावानं मला वह्या लावायला बसवलं. लाल कापडी बांधणीच्या अकरा वह्या. प्रत्येक कामगाराला एक पान, पानावर एकच रकाना. त्या विणकराचं पान मी उघडलं. आठवड्याचे मीटर, त्याचे पैसे. खाली "दवाखाना". खाली पुन्हा मीटर. मग "मुलीचं लग्न", पुढं आकडा. मग "डॅमेज कापड", वजा. "दिवाळी", पुढं आकडा. तो बोनस होता की उचल, ते लिहिलेलं नाही. आणि तीन दिवाळ्यांना एकच शब्द, "साडी". त्याच्यापुढं कोरी जागा. तात्यांनी त्या साड्या त्याच्या बायकोला भाऊबीजेच्या दिल्या होत्या. आकडा घालायचा त्यांच्या मनातही आलं नसणार.

भावानं ते पान नव्या वहीत उतरवून घेतलं होतं. त्याच्या अक्षरात: "साडी – ६००". तीन वेळा.

मी विचारलं तर म्हणाला, "तात्यांनी सढळ हातानं वाटलं, भरायचं कुणी? मीच का?" तो वाईट माणूस नाही. त्याच्या डोक्यावर बँकेचा हप्ता होता, विजेचं बिल होतं, आणि सुताचा भाव सकाळी एक, संध्याकाळी एक होता. पण बापानं दिलेली भाऊबीज मुलाच्या हातात कर्ज झाली, आणि ती झालेली कुणाला कळली नाही, कारण रकाना एकच होता. वडीलकीनं चालणाऱ्या धंद्याचा सगळा धोका मला त्या तीन सहाशेंत दिसला. माया करणारा माणूस जातो, वही मागं राहते.

इचलकरंजी कुठं संपते आणि कबनूर कुठं सुरू होतं, हे मागाच्या आवाजावरून सांगता येत नाही. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग बसवला, जहागिरदार नारायणराव घोरपड्यांनी या धंद्याला पाठबळ दिलं, आणि पुढं माग गल्लीबोळांत, परसात, गोठ्याच्या जागेत जाऊन बसले. मोठ्या गिरणीत असतो तसा कामगार अधिकारी, हजेरीचं कार्ड, तक्रार निवारण हे इथं कधी आलं नाही. एका बाजूला मालकाचं घर, दुसऱ्या बाजूला शेड, मध्ये पाण्याची टाकी. चहा एकाच पातेल्यातला. अशा ठिकाणी मालक बाप होणार नाही तर काय होणार? नातं जवळचं आहे म्हणूनच हिशेब वेगळा हवा. लांबच्या माणसाशी हिशेब आपोआप वेगळा राहतो.

आता उचलीचं बघा. कामगार अडचणीत पैसे घेतो, पगारातून थोडेथोडे कापले जातात, फिटायच्या आत पुढची अडचण येते. बाकी कधी शून्यावर येत नाही. शेजारच्या शेडमध्ये मीटरमागं चार पैसे जास्त मिळत असले तरी त्याला जाता येत नाही, कारण "मालकाचं अंगावर आहे". बहुतेक मालक अडवतही नाहीत. लाज अडवते. पण जो मालक तोंडानं म्हणतो, "उचल फेड आणि मग जा," त्यानं जाणून घ्यावं की आगाऊ पैशाच्या बदल्यात माणसाचं दुसरीकडं काम करायचं स्वातंत्र्य काढून घेणं हे १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्यात बसतं. त्याला कितीही प्रेमानं चहा पाजला तरी बसतं. आणि पगारातून सगळ्या कपाती मिळून निम्म्याच्या वर जाता कामा नयेत, ही मर्यादा वेतन संहितेत लिहिलेली आहे. आमच्या अकरा वह्यांत असे आठवडे होते, की हातात पडलेली रक्कम निम्म्याहून कमी होती. तात्यांना विचारलं असतं तर म्हणाले असते, "त्यानंच सांगितलं, जास्त कापा, लवकर फिटू दे." त्यानं तसं सांगितलंही असेल. बापापुढं माणूस असंच बोलतो.

दिवाळीचंही तेच. बोनस १९६५ च्या कायद्यानं आला. जिथं बोनस लागू आहे तिथं किमान ८.३३ टक्के, म्हणजे वर्षाच्या कमाईचा बारावा हिस्सा. ते राहिलेलं देणं आहे. पण आपल्याकडं तो मिठाईच्या पुडक्याबरोबर दिला जातो, काकू ओवाळतात, कामगार वाकून पाया पडतो. पाया पडण्याला माझा विरोध नाही. वडीलधाऱ्याला नमस्कार करणं ही आपली रीत आहे. मिठाईसाठी पडा. बोनससाठी वाकायचं कारण नाही, तो त्याचाच आहे.

आणि बायका. कांडी मशीनवर बसणाऱ्या बायकांबद्दल फारसं कुणी बोलत नाही. त्यांच्या हातून कांडी भरली नाही तर धोटा रिकामा फिरेल. आमच्याकडं एक बाई बारा वर्षं कांडी भरत होत्या. त्यांचा पगार तात्या त्यांच्या नवऱ्याच्या हातात द्यायचे, कारण तोही आमच्याच मागावर. "घरातच जातंय की, दोघांचं एकत्र दिलं." नवरा प्यायचा, हे तात्यांना माहीत होतं. त्यासाठी त्याला ते रागवायचेही, अगदी शेडच्या मध्यभागी उभं करून. पण बाईचा पगार बाईच्या हातात द्यायचं त्यांना सुचलं नाही. घरच्या सुनेचा विचार करतात तसा त्यांनी तिचा विचार केला, आणि तिचे पैसे दुसऱ्याला दिले. हे लिहिताना मला आजही संताप येतो. तात्यांवर येतो, आणि मी बारा वर्षं ते बघत होतो म्हणून माझ्यावरही.

मालक यावर म्हणतील, आम्हालाही कोण हिशेब देतो? हा प्रश्न रास्त आहे. इथले कितीतरी लहान मालक खर्चीवाले. सूत व्यापाऱ्याचं, कापड व्यापाऱ्याचं, यांचे फक्त माग. मीटरमागं खर्ची मिळते आणि तीही महिना महिना लांबते. पेठेत जाऊन "शेठ, माझं किती झालं?" विचारलं की उत्तर येतं, "पळून चाललोय काय मी?" आकडा तिथंही येत नाही. तात्या त्या दारातून मान खाली घालून परत यायचे, मी बरोबर असायचो, आणि वाटेत एक शब्द बोलायचे नाहीत. ज्याला हे दुखणं इतकं जवळून ठाऊक, त्यानं संध्याकाळी आपल्या कामगाराला तेच उत्तर द्यावं?

इचलकरंजीत २०१३ साली मजुरीसाठी मोठा संप झाला, महिनाभराहून जास्त काळ माग थांबले. एका इंचात ५२ आडवे धागे बसतात त्या कापडाला मीटरमागं किती पैसे, ही इथल्या मजुरीची मोजपट्टी. त्या संपातून ठरलं की महागाई भत्ता वाढेल तशी ही मजुरी दर वर्षी पैशांत वाढवायची. अंमलबजावणीवरून आजही भांडणं होतात. पण कामगार तेव्हा काय मागत होते ते नीट बघा. मालकानं जास्त प्रेम करावं, असं कुणी म्हणालं नव्हतं. त्यांना एक आकडा हवा होता, जो मालकाच्या मर्जीवर हलणार नाही. तात्यांना तो संप फार लागला. "एवढं केलं यांच्यासाठी," असं ते दोन-तीन महिने म्हणत राहिले. त्यांचं दु:ख खरं होतं. पण घरात दिलेल्या मायेच्या मोबदल्यात मजुरीबद्दल गप्प बसावं, ही अपेक्षा त्या दु:खाच्या तळाशी होती.

ही अपेक्षा फक्त आपल्याकडची नाही. अमेरिकेत शिकागोजवळ जॉर्ज पुलमन नावाच्या रेल्वेडबेवाल्यानं कामगारांसाठी अख्खं गाव वसवलं. विटांची घरं, बाग, ग्रंथालय. घरभाडंही त्यालाच द्यायचं. १८९३ ची मंदी आली, त्यानं मजुरी उतरवली आणि भाडं होतं तेवढंच ठेवलं. १८९४ साली तिथं असा संप पेटला की देशातली बरीच रेल्वे ठप्प झाली. तोही स्वत:ला कामगारांचा पालकच समजत होता. त्याच्याकडंही मजुरी देणारा हात आणि भाडं घेणारा हात एकाच खांद्याला होते.

याच्या उलटही घडलेलं आहे. टाटांच्या पोलाद कारखान्यात १९१२ साली आठ तासांचा दिवस आला, १९२० साली भविष्य निर्वाह निधी आला. देशात त्या निधीचा कायदा यायला १९५२ उजाडलं. यात पालकत्व होतंच. पण जे दिलं ते नियम म्हणून दिलं; साहेब खुश आहे की नाराज, यावर ते अवलंबून राहिलं नाही. आणि आपल्या अंगणातलं उदाहरण घ्यायचं तर किर्लोस्करवाडी. १९१० साली औंधच्या राजांनी कुंडलजवळ दिलेल्या निवडुंगाच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना आणि वस्ती उभी केली, आणि शिक्षा भोगून आलेल्या माणसांना वाडीची राखण दिली. माझ्या मते पालकत्वाची खरी कसोटी इथं लागते. जबाबदारी हातात द्यायची. आमच्याकडं चाळिशी गाठलेल्या पोटच्या पोराला कपाटाची किल्ली मिळत नव्हती. चेकवर सही तात्यांचीच असायची. भाऊ धंदा शिकला तो तात्या गेल्यावर, आणि म्हणून घाबरत शिकला. ते तीन सहाशे त्या भीतीतून आले.

पाटण्याचे मानसशास्त्रज्ञ जे. बी. पी. सिन्हा यांनी १९८० च्या त्यांच्या पुस्तकात भारतीय नेत्याचं एक रूप मांडलं: जिव्हाळा देणारा, पण कामाच्या बाबतीत पक्का. त्यात मला सर्वात मोलाचं वाटतं ते असं, की हे रूप कायमचं ठेवायचं नाही. माणूस तयार होत जातो तसा मालकानं सल्ला विचारायला लागायचं, निर्णयात सामील करून घ्यायचं. बाप व्हायचं ते मूल मोठं करण्यासाठी. एकोणीस वर्षं माग चालवणारा विणकर, ज्याला धाग्याच्या नुसत्या आवाजावरून बीम कसा भरलाय ते कळतं, तो अजून "आमचं पोरगं"? त्याला विचारा ना, कुठला माग भंगारात घालायचा आणि कुठला ठेवायचा.

आता शेडमध्ये बिहार-ओडिशाची विशी-बाविशीची मुलं आली आहेत. त्यांना मालकाच्या घरचं जेवण नको, फोनवर पैसे जमा झाल्याचा आवाज हवा. एखादा उचल घेऊन रातोरात जातो, आणि मालक म्हणतो, "माणुसकी राहिली नाही." नुकसान होतं, मान्य. पण जो मुलगा गावाकडून फक्त मजुरीसाठी दोन दिवस रेल्वेत बसून आला, त्याच्याशी व्यवहार मजुरीनंच सुरू करा. लेखी नेमणूक द्या, दर आठवड्याला चिठ्ठी द्या: मीटर किती, दर किती, कापलं किती, का कापलं. आपुलकी त्याच्यानंतर येऊ द्या. येते.

आमच्याकडं काय झालं ते सांगतो. भावाशी माझी तीन संध्याकाळ भांडणं झाली. चौथ्या दिवशी त्यानं स्टेशनरीच्या दुकानातून लहान पासबुकासारख्या वह्या आणल्या, माणशी दोन. एक निळी, मजुरीची. एक पिवळी, उचलीची. दोन्ही कामगाराच्याच खिशात. काय द्यायचं, काय घ्यायचं ते दोघांसमोर लिहायचं. कांडीवाल्या बाईंची निळी वही त्यांच्याच नावाची.

तो विणकर पगाराच्या दिवशी धाकट्या मुलीला घेऊन आला. ती बारावीला. त्याला स्वत:ला वाचता येत नाही. ती टेबलाच्या कडेला उभी राहून जुन्या लाल वहीतलं पान आणि भावाचं नवं पान शेजारी शेजारी ठेवून वाचत होती, बोट ओळीवर. "साडी"पाशी थांबली. "हे काय?" भावानं माझ्याकडं बघितलं नाही. पेन घेतलं आणि तिन्ही ओळींवर रेघ मारली. मग बेरीज केली, मुलीनं ती पुन्हा केली, आणि तिनं मोठ्यानं आकडा वाचला. अकरा हजार चारशे.

विणकर काही क्षण तसाच उभा राहिला. एकोणीस वर्षं त्याच्या मनात कुठला आकडा बसला होता, कोण जाणे. मुलीला म्हणाला, "परत एकदा वाच."

तिनं वाचला.

"एवढंच व्हय?"